रजिस्ट्रीवर नाव कोणाचे?



रविवारी विहारात वंदना आटोपली, की आपली मंडळी थोडा वेळ अंगणात उभी राहतात. तेथे होणारे बोलणे मी गेली काही वर्षे ऐकत आहे. त्यात धम्माचा विषय थोडा आणि प्लॉटचा विषय फार असतो. कोणाला सुधार प्रन्यासचे आर.एल. मिळाले, कोणाचे विकास शुल्क भरायचे राहिले, कोणत्या मौजात भाव चढला, कोणी कुंपण घालताना शेजाऱ्याची वीतभर जागा दाबली, याच गोष्टी चालतात. मी हे टीका म्हणून सांगत नाही. ज्या समाजाला शेकडो वर्षे पाय टेकण्यापुरती जमीन स्वतःची म्हणता आली नाही, त्या समाजाने प्लॉटचे बोलणे बोलू नये तर कोणी बोलावे? परंतु गेल्या उन्हाळ्यात एका कागदाने मला या विषयाचा मुळापासून विचार करावयास लावले. तो विचार आपणापुढे, विशेषतः ज्या कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे त्यांच्यापुढे, मांडावा असे वाटले.

मी शाळेत शिक्षक आहे. प्रताप नगरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिलाच. शहराच्या दक्षिणेकडील एका लेआऊटमध्ये माझ्या वडिलांनी १९९८ साली मासिक हप्त्यावर एक हजार चौरस फुटांचा प्लॉट घेतला. त्या काळी नागपूरच्या भोवती शेतजमिनींचे तुकडे पाडून असे कितीतरी लेआऊट पडले. रस्ता नव्हता, नाली नव्हती, अकृषक परवानगी नव्हती. होती ती एक कच्ची पावती आणि चुन्याने आखलेली चौकट. पुढे २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला, अर्ज झाले, शुल्क भरले गेले आणि बऱ्याच वर्षांनी आमच्या प्लॉटला नियमितीकरणाचे पत्र मिळाले. ते पत्र वडिलांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाबासाहेबांच्या तसबिरीमागे ठेवले होते. तीन वर्षांपूर्वी वडील वारले.

आता नावे चढवावयाची होती. वारस चार : आई, माझी मोठी बहीण, मी आणि धाकटा भाऊ. धाकट्याला कर्ज काढून वरचा मजला बांधावयाचा होता. नावे जितकी कमी तितके काम सोपे, असे त्याला कोणीतरी सांगितले होते. मलाही ते पटले. शिवाय आपल्याकडे पद्धतच आहे : बहिणीने सही करून द्यावयाची, भावाने तिला साडी घ्यावयाची. हक्कसोड पत्र तयार झाले आणि ताईला उमरेडहून बोलावून घेतले. ती आली. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाबाहेर झाडाखाली आम्ही नंबराची वाट पाहत बसलो होतो. ताईने कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि मला म्हणाली, “तू मास्तर हायेस ना बाबू? मंग मले वाचून दाखव, काय लिवलं हाय ते.”

मी वाचू लागलो. मध्यावर एक वाक्य आले. सदर मिळकतीवर माझा कोणताही हक्क, हिस्सा वा संबंध उरलेला नाही आणि हे मी राजीखुशीने लिहून देत आहे, अशा अर्थाचे ते वाक्य होते. ताई म्हणाली, “पैसा मले नाही पाहिजे रे. पन त्या घराशी माहा काही संबंधच नाही, असं लिवा लागते का?”

बंधू-भगिनींनो, माझी ताई दहावीनंतर शाळा सोडून साड्यांना फॉल-पिको लावीत असे. तिच्या त्या पैशांतून प्लॉटचे हप्ते जात. माझ्या बी.ए.ची आणि बी.एड.ची फी त्यातूनच गेली. त्या दिवशी आम्ही सही न करता घरी परत आलो. घरी आल्यावर मी स्वतःला जो प्रश्न विचारला तो असा : मालकी मालकी म्हणतात ती काय वस्तू आहे? तिचे मोल कशात आहे? आणि भगवान बुद्धाच्या धम्मात तिला जागा आहे की नाही?

मालकी नसणे म्हणजे काय

प्रथम आपल्या पूर्वजांकडे पाहू. आपल्या नागपूर भागात मालगुजारी होती. गाव मालगुजाराचा. माझे आजोबा सांगत, की झोपडी कोणत्या बाजूला घालायची हेही त्याच्या शब्दावर ठरे आणि शब्द फिरला की झोपडीही फिरे. १९५० सालच्या कायद्याने मालगुजारी गेली. परंतु जमीन कसणाऱ्याला हक्क मिळाले, तेव्हा केवळ मजुरी करणाऱ्याच्या हाती फारसे काही लागले नाही.

पश्चिम महाराष्ट्रात आपल्या बांधवांकडे महार वतन होते. वरवर पाहता ती मालकीच होती. जमिनीचा तुकडा वंशपरंपरेने त्यांच्याकडे चाले. परंतु त्या तुकड्याच्या बदल्यात सगळे कुटुंब रात्री-अपरात्री सरकारच्या आणि गावाच्या हाकेला बांधलेले असे. सांगावा पोचवणे, सारा पोचवणे, अंमलदाराच्या पुढे धावणे, हे सारे वतनात आले. गावाची शीव कोठून कोठे जाते याची साक्ष महाराने द्यावयाची. त्या शिवेच्या आत त्याच्या शब्दाला मात्र किंमत नव्हती. म्हणजे महार वतनाचा मालक नव्हता, वतन महाराचे मालक होते.

प. पू. डॉ. बाबासाहेबांनी हे वर्म ओळखले. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. वतनदाराला या वेठीतून सोडवावे आणि त्याने इतर शेतकऱ्यांप्रमाणे पूर्ण सारा भरून जमीन मोकळेपणी कसावी, हा त्याचा गाभा होता. ते विधेयक १९२९ साली मागे घ्यावे लागले. अडचण केवळ सरकारची नव्हती. आपल्यातील अनेकांचा जीवही त्या तुकड्यात अडकला होता. अखेर कनिष्ठ गाव वतने नष्ट करणारा कायदा १९५८ चा झाला आणि १ फेब्रुवारी १९५९ पासून अमलात आला. साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरून जमीन पुन्हा त्याच कुटुंबाला नव्या शर्तीने देण्याची तरतूद त्यात होती. बाबासाहेब ते पाहावयास नव्हते.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. मालकीचे पहिले मोल पैशात नाही, ते निर्भयतेत आहे. उद्या मला येथून कोणी हुसकावू शकणार नाही, माझ्या कष्टाचे फळ कोणी उचलून नेणार नाही, आणि कोणाच्या हाकेला मला केवळ भीतीने ओ द्यावी लागणार नाही, एवढे ज्याने मिळते ती खरी मालकी. एवढे ज्याने मिळत नाही तो तुकडा कितीही एकरांचा असला तरी ते वतन होय.

मालकीची भिंत

आता दुसरी बाजू पाहू. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले, हे आपल्या लहान मुलांनाही माहीत आहे. परंतु पुढे काय झाले ते पुष्कळांना ठाऊक नसते. महाडच्या नगरपालिकेने १९२४ सालीच ते तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. सत्याग्रहानंतर सनातनी मंडळी न्यायालयात गेली. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा होता, की तळे स्पृश्यांच्या खाजगी मालकीच्या स्वरूपाचे असून इतरांना तेथून दूर ठेवण्याचा त्यांना अनादी काळापासून हक्क आहे. हा दावा सुमारे दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की तळे नगरपालिकेचे आहे आणि तशी अनादी चाल सिद्ध झालेली नाही.

येथे थोडे थांबून विचार करावा. त्या तळ्यावर जनावरे पाणी पीत होती. त्याला कोणाची हरकत नव्हती. सनातन्यांना पाणी कमी पडत होते असेही नव्हते. मग त्यांना मालकी कशासाठी हवी होती? पाणी पिण्यासाठी नव्हे, तर कोणी पिऊ नये हे ठरविण्यासाठी! मालकीचे हे दुसरे रूप होय. पहिल्या रूपात माणूस निर्भय होतो. दुसऱ्या रूपात तो दुसऱ्याला दाराबाहेर उभा करतो. कागद दोन्हींचा सारखाच दिसतो, शिक्काही सारखाच असतो.

आपण दाराबाहेर उभे होतो तोपर्यंत हा भेद आपल्याला सहज कळत होता. आता आपल्यापैकी काहीजण दाराच्या आत आले आहेत. आता तो भेद कळतो काय?

धम्म काय सांगतो

काही लोक म्हणतात, बौद्ध धम्म त्याग सांगतो, त्यामुळे संसारी माणसाने धम्म आणि मालमत्ता यांचा मेळ घालण्याच्या भानगडीत पडू नये. हा गैरसमज आहे. भगवंतांनी भिक्खूला एक नियम दिला आणि गृहस्थाला दुसरा. भिक्खूजवळ आठच वस्तू असाव्यात : तीन चीवरे, कमरबंद, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे फडके. १९५६ साली काठमांडूला बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना करताना बाबासाहेबांनी खाजगी मालमत्तेच्या प्रश्नावर बोट ठेवले होते. आपल्या निबंधात त्यांनी भिक्खूच्या या आठ वस्तूंचा दाखला दिला आहे.

परंतु गृहस्थाला भगवंतांनी दरिद्री राहा असे कोठेही सांगितले नाही. सिगालाला त्यांनी मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले : एक उपभोगाला, दोन धंद्याला, आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी. अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. स्वतःच्या घामाने, न्यायाने मिळवलेले धन असणे, हे पहिले सुख. ते स्वतः उपभोगणे आणि त्यातून सत्कार्य करणे, हे दुसरे. कोणाचे ऋण नसणे, हे तिसरे. आणि आपल्या कायेने, वाचेने, मनाने कोणतेही निंद्य कृत्य घडलेले नाही ही जाणीव, हे चौथे. त्याला अनवद्य सुख म्हणतात. पहिली तिन्ही सुखे चौथ्याच्या सोळाव्या हिश्श्याचीही बरोबरी करू शकत नाहीत, असे भगवंतांचे सांगणे आहे.

म्हणजे धम्मात मालकीला जागा आहे, पण ती पहिल्या पायरीवर आहे. जो पहिल्या पायरीवर घर बांधून राहतो तो वर चढत नाही. आणि जो चौथी पायरी विकून पहिली घेतो, त्याने काय कमावले?

दीघनिकायातील महानिदान सुत्तात भगवंतांनी एक साखळी उलगडून दाखविली आहे. तृष्णेतून शोध, शोधातून लाभ, लाभातून हे माझे ते तुझे असा निवाडा, त्यातून आसक्ती, आसक्तीतून परिग्गह म्हणजे कवटाळून बसणे, त्यातून मच्छरिय म्हणजे दुसऱ्याला वाटा न देण्याची वृत्ती, त्यातून आरक्ख म्हणजे राखण, आणि राखणीतून अखेर काठी, शस्त्र, भांडण, चहाडी आणि खोटे बोलणे. आपल्या लेआऊटमध्ये दोन सख्ख्या भावांत कुंपणावरून मारामारी होते, तेव्हा ही साखळी पहिल्या कडीपासून शेवटच्या कडीपर्यंत डोळ्यांनी पाहता येते. काठी शेवटी दिसते. तिचे मूळ फार मागे असते.

अग्गञ्ञ सुत्तात हेच समाजाच्या पातळीवर सांगितले आहे. लोक आधी रोजच्यापुरता तांदूळ आणीत. मग कोणी साठवू लागला, मग शेतांना बांध पडले, मग कोणी आपला वाटा राखून दुसऱ्याचा उचलला, आणि त्यानंतर चोरी, खोटे आणि दंड जगात आले. बाबासाहेबांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण सांगताना रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा पुढे ठेवला आहे. पाणी कोणाच्या मालकीचे, हा तो तंटा होता. रोहिणीपासून चवदार तळ्यापर्यंत प्रश्न एकच आहे.

एक आक्षेप

येथे माझे एक सहकारी शिक्षक, तेही आपल्यातलेच, मला अडवतात. त्यांचे म्हणणे असे : “गुरुजी, हे तत्त्वज्ञान पोट भरलेल्यांना शोभते. ज्यांच्या चार पिढ्या वाड्यात राहिल्या, त्यांनी आसक्ती सोडावी. आपल्या घरात प्लॉट ही वस्तू आत्ता कोठे आली. आत्ताच कुठे मूठ बंद करायला मिळाली, आणि तुम्ही म्हणता मूठ उघडा!”

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला वरवर उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे होईल. दुबळ्याला त्यागाचा उपदेश करणे हा आपल्या देशातील जुना धंदा आहे. बाबासाहेबांनी तो कधी केला नाही. १९३७ साली त्यांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, ते कसणाऱ्याच्या डोक्यावरचा मालक काढण्यासाठी. १९४७ साली घटना समितीपुढे ठेवण्यासाठी लिहिलेल्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन गावच्या लोकांना जातपात न पाहता कसावयास द्यावी, म्हणजे कोणी जमीनदार, कोणी कूळ, कोणी भूमिहीन मजूर राहणार नाही, असे मांडले. त्यांच्यानंतर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांच्या सत्याग्रहात आपली माणसे देशभर तुरुंगात गेली, तीही जमिनीसाठीच. तेव्हा ज्याच्याजवळ नाही त्याने मिळवावे, हक्काने मागावे, कागद पक्का करून घ्यावा. वस्त्यांतील ज्या बांधवांचे पट्टे अजून झालेले नाहीत, त्यांनी आळस करू नये.

माझे म्हणणे मूठ उघडा असे नाही. मूठ बंद करताना तिच्यात कोणाची बोटे चिरडत आहेत तेवढे पाहा, इतकेच म्हणणे आहे.

मालकी म्हणजे एकट्याची मूठच असली पाहिजे, असेही नाही. आपल्याच विदर्भात गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव आहे. २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर त्या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. पुढे २०१३ साली गावातील जमीनधारकांनी ग्रामदान कायद्याप्रमाणे आपल्या जमिनींची मालकी ग्रामसभेकडे देण्याचा निर्णय घेतला. कसणे ज्याचे त्याच्याकडे, पण परस्पर बाहेरच्याला विकणे नाही. त्या माणसांनी मालकी सोडली, की ती अधिक घट्ट केली? मला वाटते, त्यांनी भीती सोडली. एकट्याच्या अडचणीच्या दिवशी सावकार एकट्याला गाठतो. सगळ्या गावाला गाठणे अवघड असते.

आणि दूर कशाला जावे? प्रताप नगरातून दीक्षाभूमी हाकेच्या अंतरावर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या त्या मोकळ्या जागेवर आपल्या आजा-पणजांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. दरवर्षी लाखो लोक तेथे येतात. त्यातील कोणाच्याही नावे तेथील वीतभर जागा नाही, तरी प्रत्येकजण ती आपली मानतो. १ जुलै २०२४ रोजी भूमिगत पार्किंगच्या खोदकामाला विरोध करण्यासाठी लोक तेथे मोठ्या संख्येने जमले आणि सरकारला काम थांबवावे लागले. त्या दिवशी झालेली तोडफोड आणि जाळपोळ मला मान्य नाही. राखणीतून काठी निघते हे भगवंतांचे सांगणे सामूहिक मालकीलाही लागू आहे. परंतु ज्या आपलेपणाने ते लोक धावत आले तो आपलेपणा रजिस्ट्रीच्या कोणत्या रकान्यात लिहिता येतो?

बहिणीचा प्रश्न

आता मी माझ्या ताईकडे परत येतो. या लेखाचे खरे कारण तीच आहे.

बाबासाहेबांनी कायदेमंत्री म्हणून हिंदू कोड बिल तयार केले. मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा असावा, हा त्यातील एक मोठा मुद्दा होता. ते बिल संसदेत रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याच्या कारणांत हे एक प्रमुख कारण होते. पुढे १९५६ साली वारसा कायदा झाला. तो नावाने हिंदू वारसा कायदा असला तरी बौद्धांनाही लागू आहे, हे नवदीक्षित कुटुंबांनी नीट लक्षात ठेवावे. बापाने मृत्युपत्र न करता ठेवलेल्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलगा, मुलगी आणि विधवा यांचा सारखा वाटा असतो. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतही २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. लग्न झाले म्हणून तो जात नाही.

म्हणजे कायद्याने ताईचा चौथा हिस्सा होताच. मी तिला काही देणार नव्हतो. जे तिचे होते ते तिच्याकडून काढून घेण्याचा कागद मी तिलाच वाचून दाखवीत होतो. हक्कसोड पत्र हा गुन्हा नाही. एखादी बहीण सर्व समजून, आपल्या मनाने हिस्सा सोडीत असेल, तर तो तिचा अधिकार आहे. परंतु ‘राजीखुशीने’ हा शब्द आपण तरी जपून वापरावा. वतनदार महारही राजीखुशीने राबतो, असे गाव म्हणतच होते. ज्याला नाही म्हणण्याची सोय नसते त्याच्या होकाराला राजीखुशी म्हणत नाहीत. माहेर तुटेल, भाऊ बोलणार नाही, आजारपणात कोणी येणार नाही, या भीतीने केलेली सही ही राजीखुशीची सही नव्हे.

आम्ही मनुस्मृती जाळणाऱ्या बाबासाहेबांचे अनुयायी म्हणवतो. १४ एप्रिलला मिरवणुकीत आमच्या बहिणी निळ्या-पांढऱ्या साड्या नेसून सर्वांत पुढे असतात. आणि रजिस्ट्रीच्या कार्यालयात मात्र आम्ही त्यांना सर्वांत मागे बसवतो. घराच्या बाहेर समता आणि घराच्या आत वतनदारी, हे कसे चालेल? महाडला जे आमच्याशी झाले तेच मी झाडाखाली बसून ताईशी करीत होतो. मला तिच्या हिश्शाची गरजही नव्हती. फक्त तिचा संबंध नाही एवढे मला लिहून हवे होते.

आम्ही चौघांचीही नावे चढविली. हे सांगून मला स्वतःचे कौतुक करून घ्यावयाचे नाही, कारण ते मला सुचलेले नाही. ताईने विचारले म्हणून झाले. आणि त्याने सगळे गोड झाले असेही नाही. कर्जाच्या कामात चौघांच्या सह्या लागतात. ताईला त्यासाठी दोनदा रोजी बुडवून उमरेडहून यावे लागले. वरचा मजला अजून उभा राहिलेला नाही. धाकटा भाऊ माझ्यावर नाराज आहे, आणि त्याची बाजू मी समजू शकतो, कारण त्या घरात आईला सांभाळून राहणारा तोच आहे. त्याच्या त्या सेवेचे मोल कसे धरावे याचा विचार आम्ही चौघे बसून करीत आहोत. मालकी वाटून घेणे ही एका दिवसाची सही नाही, ते रोजचे काम आहे, हे मला आता कळते.

पण एक फरक पडला आहे. पूर्वी ताई घरी येई तेव्हा ओसरीवर बसे आणि पाणी मागून घेई. परवा आली तेव्हा तिने स्वतः माठातून पाणी घेतले आणि ओल आलेली भिंत पाहून धाकट्याला रागावली, “पावसाच्या आधी याले प्लास्टर काहून नाही केलं रे?” तो काही बोलला नाही. मात्र दुसऱ्या दिवशी सिमेंटची एक बॅग आणली.

कागदावर सही करण्यापूर्वी

शेवटी नवदीक्षित कुटुंबांना एवढेच सुचवावेसे वाटते. घर, प्लॉट, शेत, विहाराची जागा, काहीही असो. कागदावर सही करण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : या कागदाने कोणाची भीती जाते आणि कोणाच्या मनात नवी भीती शिरते?

दुसरा : ज्याच्या घामाने ही वस्तू आली त्याचे, आणि विशेषतः तिचे, नाव यात आहे काय?

तिसरा : ज्याचा हक्क या कागदाने जातो, त्याच्यासमोर बसून, त्याच्या डोळ्यांत पाहून, हा कागद मला मोठ्याने वाचता येईल काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आले, तर तो कागद कितीही कायदेशीर असो, त्यातून पहिले सुख मिळेल, कदाचित दुसरे आणि तिसरेही मिळेल. चौथे मिळणार नाही. आणि चौथे सुख हरवलेल्या घरात, भिंती स्वतःच्या असल्या तरी, माणूस भाडेकरूसारखाच राहतो. मी भाड्याच्या खोलीत राहतो म्हणून हे जरा अधिकाराने सांगतो.

जय भीम!